पहिलीवाले, दुसरीवाले आणि सोनवणे भाऊ

सोनवणे भाऊ डबा उघडायचे, चारही बाजूंना नजर फिरवायचे आणि विचारायचे, "कोनी राह्यनं का?" कोणी जेवायचं राहिलं नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय त्यांचा घास तोंडाकडे जात नसे. असा माणूस नेमका आमच्याच ऑफिसात यावा, याचं मला आजही वाईट वाटतं.

जळगावातला आमचा पाइपांचा कारखाना. ऐंशीच्या दशकात कॅन्टीनमध्ये बाकं कमी, म्हणून साहेबांनी जेवणाची सुट्टी दोन भागांत केली. अर्धे साडेबाराला, उरलेले एक वाजता. झालं! बघता बघता 'पहिलीवाले' आणि 'दुसरीवाले' अशा दोन जमाती तयार झाल्या. आमच्या मते ते कामचुकार, त्यांच्या मते आम्ही साहेबांचे चमचे. गणपती वेगळा, हिवाळ्यातली भरीत पार्टी वेगळी. एका गल्लीत राहणारे लोक सुट्टी वेगळी म्हणून एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाईनात. मी हिशेब खात्यात, म्हणून पहिलीवाला. त्यात माझं कर्तृत्व काय, ते विचारू नका.

भाऊ शिरपूरकडचे, डिस्पॅचला. माल भरून गाडी गेटबाहेर पडली की ते मोकळे. "मना टाइम ट्रक ठरावस," म्हणायचे. त्यामुळे कधी आमच्यात जेवायचे, कधी त्यांच्यात. ते आले की आमचा म्होरक्या पाटील आवाज खाली आणायचा, "जपून बोला, तिकडे पोचतं." तिकडेही हेच चालत असणार. भाऊंना सगळं कळायचं. तरी शेंगदाण्याची चटणी पुढे सरकवायचे, "ल्या भाऊ, ल्या."

पुढे नवं कॅन्टीन झालं, सगळे एकदम बसतील एवढं. भाऊ हरखून साहेबांकडे गेले. म्हणाले, आता सुट्टी एकच करा. साहेबांनी दोन्हीकडे विचारलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्हीकडचे एकमुखाने बोलले, नको! वर दोघांनीही भाऊंना पलीकडचा माणूस ठरवून टाकलं. माझं डोकं फिरलं. "कशाला या लोकांच्या नादी लागता?" मी त्यांच्यावरच खेकसलो. ते म्हणाले, "रिटायर व्हवाना पहिले एक डाव बठ्ठासले एकजागे जेवाले बसाडसू." बठ्ठासले, म्हणजे दोन्हीकडच्या सगळ्यांना.

निरोपाला त्यांनी हार-नारळ काही नको म्हणून सांगितलं. पहूर रस्त्याला त्यांच्या जावयाचं शेत होतं, तिथे रविवारी सगळ्यांना भरीत-पुरीला बोलावलं. सकाळपासून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून भाऊ स्वतः वांगी भाजत होते. केळीची पानं मांडून त्यांनी एकच लांब पंगत धरली होती. कंपनीने ट्रक दिला होता, सगळे मावतील असा.

ट्रक आला तो आम्हा पहिलीवाल्यांना घेऊन. दुसरीवाले म्हणे मागून येणार.

"थांबा, बठ्ठासले येवू द्या," भाऊ म्हणाले.

"भरीत गार होतंय भाऊ," म्हणत पाटील बसला. तो बसला तसे बाकीचेही बसले. त्या शेतात ना घंटा होती, ना बाकं कमी होती. आमची जेवणं उरकता उरकता ट्रक दुसरी खेप घेऊन आला. आमच्या उष्ट्या पानांकडे बघत कोणीतरी विचारलं, "झालं का यांचं?" आणि ते पंगतीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. भाऊ दोन्ही वेळा वाढत राहिले. आग्रह करकरून वाढत होते, त्याचाच मला जास्त संताप येत होता.

सगळे गेल्यावर मी मागे थांबलो आणि त्यांचं पान वाढलं. भरीत पार गार झालं होतं. ते बसले, पण कोणी राहिलं का, हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. विझलेल्या पऱ्हाट्यांकडे बघत एवढंच म्हणाले, "वांगाले काय माहीत शे भाऊ, कोन पहिलीना नि कोन दुसरीना?"

सोमवारी त्यांच्या खुर्चीवर भुसावळचा एक नवा माणूस आला. त्याने अजून पिशवीही खाली ठेवली नव्हती, तोच पाटलाने विचारलं, "काय हो, तुम्ही पहिलीचे का दुसरीचे?"