जाई लावणाऱ्या काकू

आज सकाळी एक वृद्ध बाई मुलीचा हात धरून फाटकाशी आल्या. "हे घर आधी आमचं होतं. बाग बघू का?"

मंडळी, ब्याण्णव साली पनवेलचं हे घर घेतलं, तेव्हा अंगणभर घाणेरी माजली होती. ती उपटताना, वाळलेली जाई छाटून जगवताना, नवी रोपं लावताना मी आधीच्या मालकिणीला खूप नावं ठेवली होती. व्यवहार दिरांनी केल्यामुळे त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

जाईपाशी त्या थांबल्या. "आमचे हे गेले, मग मला पाणी घालवेना. तू जगवलीस गं."

मी वाकून नमस्कार केला. "काकू, लावलीत तुम्ही. इतकी वर्षं गजरे आम्ही माळले."

न बघताच ज्यांना नावं ठेवली, त्यांचेच आभार मानायची वेळ तुमच्यावर आलीये कधी?