गुणाबाईचा गळा आणि बीपीची गोळी

डोळखांबच्या पाड्यांत गुणाबाईशिवाय लग्न लागलंय? नाव काढू नका! ती धवलारीण. हळदीपासून वरातीपर्यंतचे धवळे, म्हणजे विधीची गाणी, तिने गायची आणि कुठला विधी केव्हा, हेही तिनेच सांगायचं. तोंडाने अशी फटकळ, की मांडवात नवऱ्याच्या मामाचीही खैर नाही.

तीन वर्षांमागे तिला बीपी निघालं. "रोज एक गोळी, जेवल्यावर," असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि गुणाबाईने ते देवाच्या नेमासारखं पाळलं. पण काही महिन्यांत घसा खवखवू लागला, मग खोकला. कोरडा, ठसक्यासारखा, आणि मेला नेमका धवळ्याची ओळ वर चढली की उठायचा. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झाला, थुंकी तपासून झाली. शेजारची सकुबाई म्हणाली, "नजर लागली गो तुझ्या गल्याला," तेव्हा मीठ-मोहऱ्याही ओवाळून झाल्या. खोकला काही हलेना.

माघात एका मांडवात ओळ अर्ध्यावर तुटली. धवळा तुटणं अशुभ. नवरीच्या आईचा चेहरा खर्रकन उतरला. घरी येऊन गुणाबाई ढसाढसा रडली. "गला गेला तं माजं काय राह्यलं गो?" तिने सुनेला, रंजिताला विचारलं.

वैशाखात लग्नांचा पाऊस पडला. आता गंमत बघा. लग्न लागेपर्यंत धवलारणीला उपास. गोळी तर जेवल्यावर! मग जेवण नाही तर गोळी नाही, असा सरळ हिशोब. परतल्यावर दोन घास खाऊन बाई आडवी व्हायची, गोळी राहायची ती राहायचीच. तीनचार आठवडे असेच गेले आणि खोकला गायब!

"चोर सापडला!" गुणाबाई ओरडली आणि उरलेल्या गोळ्या चुलीत घातल्या. रंजिताने डोक्याला हात लावला, पण सासूपुढे बोलणार कोण?

पुढे टोकावड्याकडच्या एका हळदीत डोकं असं ठणकलं की मांडव गरगर फिरला. ती खांबाला धरून खाली बसली. रंजिताने रिक्षा करून तिला थेट शहापूरला डॉक्टरीण बाईंकडे नेलं. बीपी भलतंच वर गेलेलं. गोळ्या चुलीत गेल्याचं रंजिताने सांगून टाकलं.

"गोळी बंद का केलीत? अर्धांग झालं असतं म्हणजे?" बाई कडाडल्या.

"वरडू नका बाय. खाल्ली तं गला जातो, नाय खाल्ली तं जीव जातो. यातलं काय ठेवू ते तुमीच सांगा."

बाईंनी जुन्या गोळीचं नाव विचारलं. रंजिताने पिशवीतून जुनं रिकामं पाकीट काढून दिलं. ते वाचून त्या म्हणाल्या, "या जातीच्या गोळीने काहींना असाच कोरडा खोकला होतो. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"खोकल्याला खोकल्याचं अवषध घ्येतलं. बीपीवाल्याला कशाला सांगू?"

बाईंना हसू फुटलं. "दुसरी गोळी देते. ही उपाशीपोटी पाण्याबरोबरही चालेल. काही त्रास झाला तर माझ्याकडे यायचं, चुलीकडे नाही."

त्या गोळीने पाय सुजले. गुणाबाईने शिव्या मोजून घातल्या, पण गोळ्या पिशवीत घेऊन शहापूरची एसटी धरली. तिसरी गोळी मात्र मानवली. बीपी उतरलं. गळ्याचं काय, ते मांडवातच कळणार होतं.

पुढच्या लगनसराईत सकुबाईच्या लेकीचं, भाग्यश्रीचं लग्न निघालं. या खेपेला ओळ तुटली तर पुढचं आवतण दुसऱ्या धवलारणीला जाणार, हे न सांगताही सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी उपाशीपोटी गोळी घेऊन गुणाबाई पाटाशेजारी बसली. मागे रंजिता पाण्याचा तांब्या घेऊन उभी. धवळा सुरू झाला. ओळ चढली, आणखी चढली, आणि अचानक थांबली.

सकुबाईने डोळेच मिटले. रंजिता तांब्या घेऊन धावली.

"पानी ठेव गो तिकडं!" गुणाबाई गरजली. "खोकला कसला? ह्या मेल्यांनी नवरीला उलट्या बाजूला बसवलीय! उठवा पयली!"

मांडवात हशा उसळला. रंजिता हसता हसता रडायला लागली. नवरी उठली, जागा बदलून बसली. नवरी चुकीच्या जागी असताना गायलेला धवळा काही लागू होत नाही, म्हणून गुणाबाईने तो पुन्हा पहिल्यापासून घेतला, आधीपेक्षा वरच्या पट्टीत.