ओझरच्या काउंटरवरचा वजनकाटा
दवाखान्यात वजनकाट्यावर पाय ठेवला, की मला ओझरचं विमानतळ आठवतं. नाशिक-पुणे विमान चालवणारी एक छोटी कंपनी होती, आता ती नाही. तिच्या काउंटरवर मी कामाला होतो. विमान नऊ सीटचं, त्यामुळे सामानाबरोबर माणसांचंही वजन करावं लागे. त्या दिवशी सकाळी दहाला पायलटचा फोन आला, "कंपनी गुंडाळली रे, विमान येणार नाही." हेड ऑफिस म्हणालं, "टेक्निकल कारण सांग, लोकांना बसवून ठेव." मी मुकाट्याने वजनं करत राहिलो. एका बाईंचे वडील पुण्यात व्हेंटिलेटरवर होते. काट्यावर उभ्या राहूनच त्यांनी विचारलं, "दादा, नक्की येणार ना? नाहीतर मी आत्ताच गाडी करते." "येतंय ताई," मी म्हणालो. लोक बसून राहिले तर विमान येईलही, अशी वेडी आशा मलाच लागली होती. धावपट्टीवरून शेजारच्या विमान कारखान्याचं लढाऊ विमान कानठळ्या बसवत उडालं, की त्या पर्स उचलून काचेशी धावायच्या आणि माझ्याकडे बघत परत यायच्या. साडेपाचला त्यांचा फोन वाजला आणि त्या फरशीवरच बसल्या. गाडीने एव्हाना पुणं कधीच गाठलं असतं. मग काउंटरशी येऊन त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" मी म्हणालो, "नाही ताई." आज कंपाउंडरने माझं वजन सांगितलं, ते दारातून बाहेर पडेपर्यंत विसरलोही. त्यांचं मात्र पाठ आहे. बावन्न किलो.