‘अ’ कुठं लावायचा, सर?

पैठण रोडवर चितेगावला एका हार्डवेअरच्या दुकानावर मी स्पोकन इंग्लिशचा क्लास घेतो. कंपनीची शिफ्ट सुटली की लोक डबा घेऊन तसेच वर येतात. किस्से गोळा करायला काही करावं लागत नाही. फळ्यावर नुसतं ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ लिहायचं, बास! मराठीत “माणूस आला” म्हटलं की माणूस येतो. इंग्रजीत एकटा माणूस ‘अ’शिवाय दारातून आत येत नाही.

*

संतोष पाचोडचा. कंत्राटी कामगार. पहिल्याच दिवशी उभा राहिला, “आय अ‍ॅम अ संतोष!”

म्हटलं, “नावाला ‘अ’ लावत नाहीत रे.”

“का? आमच्या लाइनवर तीन संतोष व्हते, सर. मंदी आली तव्हा साहेब कंत्राटदाराला म्हणला, ‘कोणता बी एक संतोष ठेवा.’”

‘अ’चा अर्थ याहून नीट मला सांगता आला नसता.

*

‘अ‍ॅन अवर’वरही तोच अडला. “एच हाय ना पुढं? मग ‘अ‍ॅन’ कसं?”

“एच लिहायचा, पण बोलायचा नाही. तो गप्प असतो.”

“म्हंजी असून नसल्यासारखा. आमच्या युनियनवानी!”

सगळे हसले. त्या महिन्यात काढलेले दोघं जास्त हसले.

*

शबाना आपा पॅकिंगला आहेत. नवरा वारल्यापासून घर त्यांच्यावर. राहायला त्या शहरात, जिथं नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही.

मी शिकवत होतो, “वॉटरला ‘अ’ नाही. पाणी मोजता येत नाही.”

“आमच्या मोहल्ल्यात या सर,” आपा म्हणाल्या. “हंडे मोजूनच भरतेत. परवा एका हंड्यापायी शेजारणीचं डोकं फुटलं. टाके बी डॉक्टरनं मोजूनच घातले.”

*

आपांनी सुपरवायझरच्या जागेसाठी इंटरव्ह्यू दिला. महिनाभर घोकून गेल्या होत्या, पण साहेबासमोर तोंडातून निघालं, “आय वाँट जॉब.”

साहेब हसला. “अ जॉब, मॅडम. ‘अ’ म्हणा.”

“अ जॉब.”

“हां, आता बरोबर. इंग्लिश अजून सुधारा, मग या.”

दुसऱ्या दिवशी क्लासला आल्या. कसं झालं म्हणून विचारलं. पर्समधून वही काढता काढता म्हणाल्या, “‘अ’ तो दे दिये उनो. जॉब रख लिये.”

*

बबनराव क्लासला नवीन. बिडकीनचे. पत्रा दाबायच्या प्रेसवर त्यांची बरीच वर्षं गेलेली. आता त्यांना गेटवर वॉचमनची नोकरी हवी होती, आणि तिथं थोडं इंग्रजी विचारतात. शेवटच्या बाकावर बसायचे. कुणाशी बोलणं नाही.

एकदा मी सगळ्यांना स्वतःबद्दल बोलायला लावलं. बबनराव उठले. एकेक शब्द जपून ठेवल्यासारखे बोलले, “आय अ‍ॅम अ मॅन. आय हॅव अ वाइफ. आय हॅव अ डॉटर.”

एकही ‘अ’ चुकला नाही! मी खूश.

“इन राइट हँड, आय हॅव अ फिंगर.”

संतोष पुढून ओरडला, “फिंगर्स म्हणा, बबनराव! एकाहून जास्त असले की ‘अ’ जातो!”

बबनरावांनी उजवा हात बाकावर ठेवला. अंगठा होता. शेजारी एक बोट. पुढं काही नव्हतं.



त्यांनी हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“सर, इंग्रजीत अंगठा बोटांत धरतेत का?”