पत्रकवाल्याची पोरगी आणि नवा साकव

घाबरलेल्या पोराला ‘त्यात घाबरण्यासारखं काय आहे?’ असं विचारून तुम्ही आजवर कुणाची भीती घालवली आहे? एकाची तरी? मी विचारतेय, कारण लहानपणी हा प्रश्न मला रोज विचारला जाई, आणि विचारणारा माणूस साधासुधा नव्हता. तो पत्रकं लिहायचा.

माझे बाबा रत्नागिरीत कारकून होते. सकाळच्या एसटीने जायचे, संध्याकाळच्या एसटीने यायचे आणि मधल्या वेळात कचेरीचं काम सोडून डोक्यात मजकूर जुळवायचे, असा आईचा आरोप होता. पाण्याचा नळ, बुवाबाजी, लग्नातला मानपान, कशावरही त्यांचं पत्रक निघे. छापखान्यातून गठ्ठा आला की पहिलं पत्रक माझ्या हातात. इतर मुलं पाटीवर वाचायला शिकली, मी ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा!’वरून शिकले. परिणाम तुम्ही वाचताच आहात.

आमची वाडी आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक पऱ्या आहे. पऱ्या म्हणजे ओढाच, पण पावसाळ्यात त्याला ओढा म्हटलं तर अपमान वाटेल असा. त्यावर पूर्वी कुजक्या फळ्यांचा साकव होता. बाबांनी त्याच्यावर आयुष्यातलं सर्वांत जहाल पत्रक लिहिलं. ‘हा साकव नव्हे, मृत्यूचा सापळा आहे! एक दिवस तो आमच्या निष्पाप बालकांचा बळी घेईल!’ येईल त्याला मी ते मोठ्याने वाचून दाखवायची. निष्पाप बालक म्हणजे कोण, हे मला सांगावं लागलं नाही. वाडीत माझ्याइतकं निष्पाप दुसरं कुणी मला तरी दिसत नव्हतं.

पत्रक गाजलं, माणसं कचेरीवर धडकली, आणि चक्क लोखंडी कठड्यांचा नवा साकव झाला. म्हाताऱ्या गेल्या, शेळ्या गेल्या, डोक्यावर भारे घेतलेल्या बायका गेल्या. पत्रकवाल्याची पोरगी तेवढी गेली नाही. उन्हाळ्यात मी खालच्या कोरड्या दगडांवरून पलीकडे जायची आणि पावसाळ्यात कुठे जायचीच नाही. चौथीपर्यंतची शाळा वाडीतच असल्यामुळे हे खपून गेलं.

पाचवीची शाळा मात्र पलीकडे होती. मे महिन्यात काका मुंबईहून सुट्टीला आले, तेव्हा घरात ठरलं: काका निघायच्या आत पोरगी साकवावरून गेली तर ठीक, नाहीतर त्यांच्याबरोबर मुंबईला, तिथल्या शाळेत. मला आईला सोडून कुठेही जायचं नव्हतं. आणि साकवावरूनही जायचं नव्हतं.

बाबांनी विवेकाचा मार्ग धरला. “हे बघ, लोखंड आहे. भाताची पोती घेऊन माणसं जातात. तुझं वजन ते काय?”

“‘तो आज ना उद्या कोसळेल, हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट आहे,’” मी म्हटलं.

“अगं, ते जुन्याबद्दल लिहिलं होतं!”

“मग नव्याबद्दल लिहा.”

दुसरा कुणी बाप हसला असता. माझा बाप लिहायला बसला. सकाळी ‘भीती सोडा, पाऊल उचला!’ हे पत्रक, एकाच वाचकासाठी, माझ्या उशाशी होतं. मी ते खणखणीत आवाजात वाचलं, छान आहे म्हटलं आणि दगडांवरून पलीकडे गेले.

“काय गो बाय,” शेजारचे काका पऱ्याकाठी उभे राहून म्हणाले, “तुझ्या बापसाने एवढा साकव बांधून घेतलान, नि तूच खालनं जातेस?” बाबा मागेच होते. त्यांना एकदम कुठेतरी जायचं आठवलं.

आईने काही लिहिलं नाही. तिने उकडलेल्या आठळ्यांची परात उचलली, म्हणजे फणसातल्या बिया, आणि म्हणाली, “मी साकवापाशी सोलत बसणार आहे. आठळ्या खायच्या असतील तर ये.” पहिल्या संध्याकाळी ती अलीकडच्या आंब्याखाली बसली. मग साकव सुरू होतो तिथे टेकून. मग जरा आत. मी ‘बास’ म्हटलं की ती लगेच थांबायची. “बरं, आज इथंच.” नाव भीतीचं काढायची नाही, गप्पा सगळ्या वाडीतल्या भांडणांच्या. अशा गप्पांसाठी माणूस कुठेही जातो.

“वहिनी, साकवावर हॉटेल टाकलंत काय?” शेजारचे काका काठावरून ओरडले.

“होय भावोजी. जागा फक्त घाबरणाऱ्यांना. या, तुमचीपण सोय करते.”

असं करत मी मध्यापर्यंत पोचले आणि अडकले. तिथे दोन लोखंडी पत्र्यांच्या मध्ये फट होती, आणि फटीतून खालचे दगड दिसायचे. पाय पुढे होईना. मुंबईचे काका दुसऱ्या सकाळी निघणार होते. माझे कपडे त्यांच्या बॅगेशेजारी घडी करून ठेवले होते. मी कठड्याला धरून रडत होते, आणि आईचे हात सोलायचे थांबले होते. तिचेही डोळे भरलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

तेवढ्यात पलीकडे एसटी थांबली. उतरलेल्या माणसांत बाबा होते. परिस्थिती बघून त्यांनी घसा साफ केला.

“भाषण तिकडेच ठेवा,” आई म्हणाली, “आणि इकडे या. बसून या.”

“बसून?”

“लहानपणी जुन्या साकवावरून सरकत जायचात ना तुम्ही, तसे. सासूबाईंनी सांगितलंय मला.”

एसटीतून उतरलेली माणसं हलेनात. जन्मभर ‘ताठ मानेने चाला’ लिहिलेला माझा बाप लाल झाला. मला वाटलं, आता पत्रकच वाचणार. पण त्यांनी पिशवी कठड्याला अडकवली, ऑफिसच्या पँटसकट साकवावर बसकण मारली आणि सरकत सरकत फटीपर्यंत आले. फटीच्या पलीकडे बसून हळू आवाजात म्हणाले, “इथं मीसुद्धा घाबरायचो. म्हणून तर एवढं लिहिलं.”

मी त्यांच्याकडे बघितलं. मग बसले. ते मागे सरकले, मी पुढे सरकले. फट माझ्याखालून गेली. आई मागून परात ढकलत येत होती. असं आमचं सगळं घराणं बुडावर बसून डांबरी रस्त्याला लागलं.

काका एकटेच मुंबईला गेले. मी काही लगेच शूर झाले नाही. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा सरकत गेले, मग उभी राहून आईचा हात धरून. पऱ्या भरून वाहू लागला तेव्हा आई साकवाच्या टोकाशी उभी राहायची, नंतर नुसती आमच्या दारात. आजही त्या फटीवरून माझं पाऊल जरा लांबच पडतं.

मी आता स्वतः पत्रकं लिहिते, आणि शब्दांनी साकव बांधले जातात यावर माझा पुरा विश्वास आहे. पोरं मात्र तेवढ्याने त्यावरून जात नाहीत. तुमच्या घरात असं एखादं पोर असेल, तर त्याची फजिती आज पाहुण्यांना रंगवून सांगू नका. त्याला घेऊन बाहेर पडा, ते थांबेल तिथे थांबा आणि तिथेच त्याच्याशेजारी खाली बसा. कपडे मळतील. मळू द्या.