थोडा ढिला जॉइंट

माणसाने एकदा दिशा ठरवली की मग हात डळमळू देऊ नये. मोठी माणसं मोठी होतात ती यामुळेच. माझ्या सासऱ्यांच्या जीपमध्ये मात्र हात डळमळल्याशिवाय गाडी सरळ जात नसे. स्टेअरिंग बरंचसं फिरवलं तरी चाकांना त्याची खबर नसायची, आणि मग ती एकदम वळायची. आमचे मामाजी हे सांभाळत अमरावतीहून वलगावच्या शेतावर जात. वळण नजरेच्या टप्प्यात आलं की लगेच फिरवायला घेत. "ही गाडी माझ्याशिवाय कोणाला चालवता येत नाही," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि ते खरंच होतं. ते याला कौशल्य म्हणत. गॅरेजवाला 'प्ले' म्हणत होता.

शेवटी सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, निकाल दिला. "एक तर स्टेअरिंग नीट करून आणा, नाही तर किल्ली जावईबापूंकडे द्या." मामाजींना यातलं काहीच करायचं नव्हतं. चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस अशा वेळी तारीख मागतो. त्यांनी दिवाळीपर्यंतची मागितली आणि मिळवली. दिवाळी मात्र वेळेवर आली.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दाखवलं. स्टेअरिंगच्या दांड्याला दोन जॉइंट असतात, एक वर आणि एक खाली. दोन्ही घासून गेले होते. "दोन्ही संगंच बदला," तो म्हणाला. "अन् जुना नमुन्याले घेऊन जा. आतले दाते जुळले पाह्यजे." जीप इतकी जुनी की ते दाते अमरावतीत कोणाच्याच मालाशी जुळेनात. मी अकोल्याला नोकरीला. तिथे एका दुकानात मिळतील, असं मी चौकशी करून कळवलं. अमरावतीत नसलेली वस्तू अकोल्यात असू शकते, हे विभागीय मुख्यालयाचे नागरिक म्हणून मामाजींना पटत नव्हतं, तरी ते आले. जुना जॉइंट त्यांनी रुमालात गुंडाळून आणला होता आणि दुकानात तो पुरावा दाखल करावा तसा काउंटरवर ठेवला.

दुकानदाराने दाते पाहिले आणि एक नवी जोडी काढली. "हे घ्या. एक्सपोर्टचा माल आहे."

मामाजींनी एक जॉइंट उचलला, त्याची दोन्ही टोकं फिरवून पाहिली, मग कानाशी नेऊन पुन्हा फिरवली.

"हा फार घट्ट आहे."

"नवा आहे काका. घट्टच राह्यते."

"थोडा मोकळा दाखवा. सांगितल्याबरोबर वळणारी गाडी चांगली नाही. माणसाला फेरविचार करायला वाव पाहिजे. कायद्यातसुद्धा थोडी जागा सोडलेली असते."

"कायद्यात असन. रोडवर समोरून ट्रक येते."

मला वाटलं, विषय संपला. पण गिऱ्हाइकाला नाही म्हणणं दुकानदाराच्या स्वभावात नव्हतं. त्याने खालच्या खणातून दुसरी जोडी वर काढली. "हे पाहा मग. एक जण वापस करून गेला. ढिले आहेत म्हने."

मामाजींनी ते हातात घेऊन हलवले. आतून बारीक खडखड आली. त्यांचा चेहरा खुलला. "याला म्हणतात जॉइंट," ते म्हणाले आणि पाकिटाला हात घातला.

मी मामींना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"काय करून राह्यले तिथं?" मामींनी विचारलं.

"ढिले जॉइंट पसंत करून राह्यले."

मामींनी लगेच फर्मावलं, "दुकानदाराले द्या फोन."

"बोला काकू," दुकानदार फोनकडे वाकून म्हणाला.

"भाऊ, तुमच्या घरी गाडी आहे?"

"आहे नं."

"तिले लावसान का हे?"

दुकानदाराने ढिली जोडी परत खणात ठेवली. मामाजींनी घट्ट जोडीचे पैसे दिले, पण पिशवी उचलली नाही. ती मी उचलली.

जॉइंट बसल्यावर चाचणी म्हणून आम्ही वलगावला निघालो. मामी पुढे, मी मागे. पहिलं वळण दिसताच मामाजींनी सवयीप्रमाणे बरंच आधी स्टेअरिंग भरपूर फिरवलं. चाकांनी या वेळी लगेच ऐकलं. जीप रस्ता सोडून तुरीच्या दोन ओळींमध्ये शिरली आणि बंद पडली. शेंगा खिडकीतून आत आल्या.

"ऐकते आता," मामी म्हणाल्या.

"जास्तच ऐकते," मामाजी म्हणाले.

मामी उतरल्या आणि गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला आल्या. "सरका तिकडे." मामाजी सरकले. मामींनी जीप मागे घेतली, रस्त्यावर आणली आणि सरळ वलगावपर्यंत नेली. त्यांना गाडी येते, हे मला माहीत नव्हतं. मामाजींना होतं; ते रस्ताभर खिडकीतून कापसाच्या पऱ्हाट्या पाहत बसले.

"मामी, मग इतकी वर्षं का नाही चालवली?" मी शेतावर उतरल्यावर विचारलं.

"ढिली गाडी काहून चालवू मी?" त्या म्हणाल्या आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

ती अजून तिथेच आहे. मामी दर रविवारी जीप घेऊन शेतावर जातात. शेजारच्या सीटवर बसणं मामाजींना मान्य नाही, त्यामुळे ते एसटीने जातात. पंच्याहत्तरीच्या पुढे एसटीला तिकीट लागत नाही.