छतातलं भोक आणि क्विरिनचा दोर

क्विरिन सुतार गावात आल्यापासून एकोणचाळीस वर्षं येशूला स्वर्गात पोचवत होता, आणि तो सोहळा त्यानं एकदाही पाहिला नव्हता. पाहणार कसा? स्वर्गारोहणाच्या गुरुवारी सगळं ओबरहास्लिंग गाव चर्चमध्ये खाली बाकांवर, आणि हा गडी छताच्या वर, माळ्यावरच्या धुळीत. खालून लाकडी येशू दोराला बांधून द्यायचे, हा छताच्या मधल्या भोकातून वर ओढायचा. आधी टाळू दिसायची, मग कपाळ, मग चेहरा. "ये बाबा, दमलास," म्हणून तो मूर्ती फळीवर उभी करायचा.

हे काम म्हणजे पोरखेळ नव्हे. आत जाताना येशूचं तोंड शेवटी ज्या दिशेला, तिकडून वर्षभर वादळं नि गारा येणार, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून पश्चिमेचे हॉप्सवाले, म्हणजे बिअरमध्ये पडणाऱ्या कडू फुलांचे वेल लावणारे शेतकरी, त्याला आठवडाभर आधीपासून बिअर पाजायचे, पूर्वेचे शेतकरी सॉसेज चारायचे. तो दोघांचंही हाणायचा आणि दोर फिरेल तसा फिरू द्यायचा.

उत्तरेकडून आलेल्या नव्या फादर लुडगरना हे काही पटेना. "काका, चौऱ्याहत्तरी गाठलीत. पुढच्या वर्षी मोटर बसवू. बटण दाबलं की झालं."

"देवाला काय लिफ्टनं पाठवायचा?" क्विरिन तडकला.

"यंदा नीट पार पाडा, मग बघू."

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "वाल्बुर्गा, दोर गेला तर मी कोण गं?"

"सुतार," ती म्हणाली. ते त्याला फार लागलं.

आणि नेमका त्याच वर्षी मूर्तीला नवा मुलामा चढला, डोक्यामागचे सोनेरी किरण वीतभर लांब होऊन आले. भोक मात्र कुणी मोजलं नाही. सुतारानंही नाही, शाबास रे पठ्ठ्या!

गुरुवारी येशू झकास वर निघाला आणि हनुवटीपर्यंत भोकात जाऊन अडकला. खाली बिनडोक्याचा देव गरगर फिरतोय, गायक तेच कडवं चौथ्यांदा म्हणतायत.

"पाय पूर्वेला आहेत!" हॉप्सवाले ओरडले.

"पायांना कोण विचारतो? तोंडाचं बोला!" पूर्वेकडचे उसळले.

क्विरिननं दोर तुळईला बांधला आणि कुठं अडकलं ते बघायला धापा टाकत ब्याण्णव पायऱ्या उतरला. वर पाहिलं, आणि तिथंच थिजला. एरवी त्या भोकावर रंगवलेल्या ढगाचं झाकण असायचं. आज झाकण नव्हतं. छतावरच्या चित्रातले शिष्य, चित्राबाहेर पाय काढून बसलेले चुन्याचे देवदूत, सगळ्यांचे हात त्या भोकाकडे, त्याच्या भोकाकडे! त्याला रडूच फुटलं.

"अगं, हे असं दिसतं?"

"चाळीस वर्षं सांगतेय तुम्हाला," वाल्बुर्गा म्हणाली.

"काका, वर जा आधी!" फादर कळवळले.

"तुम्हीच जा. मी इथून सांगतो."

फादर जरीच्या झग्यासकट माळ्यावर चढले. "डावीकडे कलवा! अजून! आता ओढा!" क्विरिन खालून गरजला. एक किरण कडकन मोडून हॉप्सवाल्याच्या मांडीवर पडला आणि येशू सुळकन स्वर्गात गेला.

बऱ्याच वेळानं फादर उतरले. डोक्याला जळमटं, हाताला फोड.

"बसवा तुमची मोटर," क्विरिन म्हणाला. "मी आता इथून हलत नाही."

"मोटर? नाव काढू नका. पुढच्या वर्षी दोर मी ओढणार."

तेवढ्यात दोन्हीकडचे शेतकरी धावले. "फादर, शेवटी तोंड कुणाकडे होतं?"

"माझ्याकडे," फादर हळूच म्हणाले.

क्विरिननं मान डोलावली. त्याला हे एकोणचाळीस वर्षं ठाऊक होतं. कुणी विचारलंच नव्हतं.